मुलाखतीला जाताना बाबासाहेबांचा कोट आठवा!

मागच्या आठवड्यात एक तरुण आमच्या कार्यालयात आला. मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. पोराने मात्र वसतिगृहात राहून अभियांत्रिकीची पदवी पहिल्या श्रेणीत मिळवली. त्याच्या हातात पुण्याच्या एका खासगी कंपनीचे मुलाखतीचे बोलावणे होते. जयभीम करून तो बसला आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिला. उठता उठता खाली मान घालून म्हणाला, ‘‘सर, मुलाखतीला जावं की नको, तेच ठरत नाही. अंगावर घालायला धड काही नाही. बाकीची पोरं कोट-टाय घालून येणार. मी असा गेलो तर आत जायच्या आधीच हरलेला दिसेन.’’

आम्ही त्याच्याकडे पाहिले. शर्ट स्वच्छ होता, पण कॉलर विरलेली होती. पायात चपला होत्या. सोळा वर्षे शिकलेला, परीक्षा उत्तीर्ण झालेला हा तरुण एका कोटापायी नोकरीच्या दारातून परत फिरायच्या बेतात होता! हा प्रश्न या एका तरुणाचा असता तर आम्ही त्यावर अग्रलेख लिहिला नसता. वस्त्यावस्त्यांतून, वसतिगृहांतून, अभ्यासिकांतून आज हजारो मुले-मुली हाच प्रश्न मनात घेऊन बसली आहेत आणि लाजेपोटी तो कोणाला विचारत नाहीत. म्हणून मुलाखतीला जाताना काय घालावे, हा वरवर किरकोळ वाटणारा विषय आम्ही आज मुद्दाम हाती घेत आहोत.

या विषयावर आपल्याच समाजात दोन टोकाची मते आढळतात. काही जण म्हणतात, कपड्यांचे काय एवढे? गुणवत्ता असली की झाले. कोट-टाय ही सवर्णांची आणि साहेबांची नक्कल आहे, चंगळवाद आहे. दुसरीकडे काही जणांना वाटते की एकदा सूट-बूट चढवला, टाय बांधली, की जात झाकली जाते आणि आपण त्यांच्यातलेच एक होऊन जातो. आमच्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत. पहिल्याला आपला इतिहास ठाऊक नाही आणि दुसऱ्याला या देशातली जातिव्यवस्था कळलेली नाही.

आधी इतिहास पाहू. या देशात कपडा ही कधीच केवळ हौसेची गोष्ट नव्हती. कोणी काय नेसावे आणि काय नेसू नये, हे धर्माच्या नावाने ठरवून दिलेले होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम घातले आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत आणि वस्त्र म्हणून प्रेतावरची कापडे वापरावीत! म्हणजे जिवंत माणसाच्या अंगावर मेलेल्या माणसाचे कापड, हा मनूचा पोशाखाचा कायदा. पेशवाईत आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला. तोही एका अर्थाने गणवेशच होता, गुलामीचा गणवेश!

हे सारे जुन्या पोथीतले आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने बाबासाहेबांचा ‘जातिनिर्मूलन’ हा ग्रंथ उघडावा. १९२८ साली इंदूर जिल्ह्यातल्या गावांतील सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांसह, बलाई या अस्पृश्य समाजावर कोणत्या अटी लादल्या, त्याची हकिगत त्यात दिली आहे. बलाईंनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, त्यांच्या बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने व चांगले कपडे घालू नयेत. अटी मानल्या नाहीत तेव्हा त्यांचे पाणी तोडले आणि त्यांना गाव सोडायला लावले. १९३० साली तामिळ प्रदेशातल्या रामनाड जिल्ह्यात आदिद्राविडांवर अशीच बंदी घातली गेली. पुरुषांनी गुडघ्याच्या खाली कापड नेसायचे नाही, सदरा-कोट घालायचा नाही आणि स्त्रियांनी अंगाचा वरचा भाग झाकायचा नाही. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना छाती झाकण्याचा हक्क मिळावा म्हणून किती वर्षे लढावे लागले! १८५९ साली तिथल्या राजाला त्यासाठी जाहीरनामा काढावा लागला. ज्या समाजाला अंगभर कापडासाठी मार खावा लागला, त्या समाजाच्या मुलाने इस्त्रीचा शर्ट घातला तर त्याला चंगळवाद म्हणायचे काय? हा चंगळवाद नव्हे, हा हक्क आहे. आणि तो फुकट मिळालेला नाही.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, हे आपण दरवर्षी २५ डिसेंबरला सांगतो. पण त्याच परिषदेला आलेल्या आपल्या मायबहिणींपुढे बाबासाहेब काय बोलले, ते आपण तितक्या आवर्जून सांगत नाही. त्यांनी त्यांना सांगितले की लुगडे नेसण्याची तुमची पद्धत, गळ्यातल्या आणि हातातल्या त्या चांदी-कथलाच्या ओझ्याच्या दागिन्यांची रास, ही तुम्ही अस्पृश्य असल्याची ओळख पटवणारी खूण आहे. ती टाकून द्या. कापड फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ ठेवा. आणि आपल्या त्या निरक्षर आया-आज्यांनी तिथल्या तिथे लुगडे नेसायची पद्धत बदलली! मनुस्मृती कागदावर जळाली, तशीच ती त्या बायकांच्या अंगावरूनही उतरली. पोशाखाचा प्रश्न हा आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

गांधीजींनी १९२१ साली मदुराईला पंचा स्वीकारला आणि १९३१ साली त्याच वेषात ते इंग्लंडच्या राजाच्या महालात गेले, याचे कौतुक पाठ्यपुस्तकांतून होते. पण बाबासाहेब गोलमेज परिषदेला सूट घालून गेले, तेव्हा त्यांना साहेबी थाटाचे म्हणून हिणवणारे याच देशात होते. आम्ही विचारतो, त्याग कोणी करावा? ज्याच्याकडे आहे त्याने. बॅरिस्टरचा कोट उतरवून पंचा नेसला तर तो त्याग ठरतो. पण ज्याच्या बापजाद्यांना लंगोटीवर ठेवले गेले, त्याने लंगोटीवरच राहायचे ठरवले तर तो त्याग नव्हे, ती मनूची आज्ञा पाळणे होय. म्हणून गावोगावच्या आपल्या पुतळ्यांत बाबासाहेब कोट घालून, हातात संविधान घेऊन उभे आहेत. तो कोट म्हणजे नक्कल नाही, ते मनूला दिलेले उत्तर आहे.

याचा अर्थ कोट म्हणजेच स्वाभिमान असाही नव्हे. राष्ट्रपिता जोतीराव फुले १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला शेतकऱ्याच्या वेषात गेले होते. भरजरी पाहुण्यांच्या गर्दीत त्यांनी त्या राजपुत्राला सुनावले की खरा हिंदुस्थान पाहायचा असेल तर खेड्यात जाऊन पाहा. फुल्यांनी घोंगडी निवडली आणि बाबासाहेबांनी कोट निवडला. दोघांनीही आपला वेष स्वतः ठरवला, कशासाठी ठरवला हे त्यांना पक्के माहीत होते आणि तो घालून ते ताठ मानेने उभे राहिले. कोणी लादलेला वेष नाकारणे आणि प्रसंगाला योग्य असा वेष स्वतः निवडणे, हा फुले-आंबेडकरी बाणा आहे.

आजही हा लढा संपलेला नाही. २०२३ च्या मे महिन्यात गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातील मोटा गावात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाली. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत लिहावा लागला. स्वातंत्र्याला ६८ वर्षे झाल्यावर ‘नवे कपडे’ हे दोन शब्द कायद्यात घालावे लागतात, यातच सारे आले.

आता दुसऱ्या मताकडे वळू. कोट घातला की जात झाकली जाते काय? याचेही उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. प्रवासासाठी नवे सदरे, नव्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे घेतली होती. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्या नीटनेटक्या पोरांना पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करायला आला. ही ब्राह्मणांची मुले असावीत असा त्याचा समज झाला होता. ‘तुम्ही कोण?’ असे त्याने विचारले आणि पोरांनी महार असल्याचे सांगताच त्याचा चेहरा क्षणात पालटला. कपडे तेच होते, पोरे तीच होती! पुढे १९१७ साली परदेशातले उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. परदेशची पदवी, साहेबी पोशाख, उसने नाव, यांतले काहीही कामाला आले नाही.

स्टेशनमास्तरचा तो प्रश्न आज मुलाखतीच्या खोलीत विचारला जातो, फक्त तो गोड शब्दांत येतो. ‘तुमची फॅमिली बॅकग्राउंड सांगा’, ‘वडील काय करतात?’, ‘गाव कोणते, पूर्ण नाव काय?’ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, फक्त नावे वेगळी ठेवली. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशच भरली. मुस्लिम नावाच्या अर्जाची गत त्याहून वाईट. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी बड्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना बोलते केले, तेव्हा गुणवत्तेचा जप करणाऱ्या या मंडळींनी उमेदवाराचे घराणे, आईवडिलांचे शिक्षण, वाढ कुठे झाली, हे सारे आपण बघतो असे सांगितले. ऊसतोड कामगाराच्या मुलाने टाय कितीही नीट बांधली तरी या प्रश्नाला टाय उत्तर देत नाही.

म्हणूनच मुलाखत नावाच्या या दरवाजावर चळवळीने डोळा ठेवला पाहिजे. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेला जात नसते. मुलाखतीत समोर चेहरा असतो, आडनाव असते, बोलीचा हेल असतो. सर्वोच्च न्यायालयानेही हा धोका ओळखला होता. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात, प्रवेशासाठी मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल असे न्यायालयाने म्हटले; १९८५ च्या अशोककुमार यादव खटल्यात नागरी सेवांच्या भरतीत सर्वसाधारण उमेदवारांसाठी ही मर्यादा १२.२ टक्के ठरवली. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखती बंद केल्या. पण वरच्या पदांवर, खासगी क्षेत्रात आणि उच्च शिक्षणात मुलाखत कायम राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने तर सहायक प्राध्यापकाच्या निवडीत शैक्षणिक गुण छाननीपुरते ठेवून अंतिम निवड मुलाखतीवरच सोपवली. राखीव जागेवर नेट-सेट, पीएच.डी. झालेले उमेदवार समोर बसलेले असताना ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून जागा रिकामी ठेवण्याचा खेळ याच खोलीत खेळला जातो.

मग आपल्या तरुणांनी काय करावे? व्यवस्था अन्यायी आहे म्हणून तयारी सोडून द्यायची, हे बाबासाहेबांनी कधीही शिकवले नाही. समोरचा आपल्याला नाकारायला निमित्त शोधत असेल, तर ‘अवतार बघा’ हे निमित्त तरी आपण त्याच्या हाती देऊ नये.

यासाठी फार पैसा लागत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद रंगाची पँट, काळे बूट आणि त्याच रंगाचा पट्टा, एवढे पुरे आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाघूम होत कोट चढवण्याची बहुतेक मुलाखतींना गरज नसते. व्यवस्थापन, बँक, मोठी कंपनी अशा ठिकाणी कोट लागला तर तो उसना घ्यायला लाज वाटू देऊ नका, पण अंगाबरोबर बसेल असा करून घ्या. ढगळ महागड्या कपड्यापेक्षा मापात शिवलेला स्वस्त कपडा चांगला दिसतो. मुलींनी साधी साडी किंवा सलवार-कमीज, ज्यात त्यांना मोकळेपणाने बसता-उठता येईल ते घालावे. मुलाखतीसाठी म्हणून जन्मात पहिल्यांदा साडी नेसायला जाऊ नये. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका, पाय सोलतात आणि सारे लक्ष तिकडेच राहते. रात्रीचा एसटीचा किंवा रेल्वेचा प्रवास असेल तर इस्त्रीचे कपडे पिशवीत ठेवा आणि गावात पोहोचल्यावर बदला. नखे, केस, दाढी-मिशी नीट असावी; अत्तराचा फवारा नको. मूळ प्रमाणपत्रे, झेरॉक्सचे दोन संच, राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र एका साध्या फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवा. आणि आदल्या दिवशी तेच कपडे घालून मित्रांसमोर एकदा बसून बघा.

अंगावरच्या पोशाखापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे. वडील काय करतात असे विचारले तर मान खाली घालू नका. ‘ऊसतोड करतात’, ‘नगरपालिकेत सफाई कामगार आहेत’, ‘आई धुणीभांडी करते’ हे त्याच आवाजात सांगा, ज्या आवाजात शेजारचा उमेदवार ‘वडील डॉक्टर आहेत’ असे सांगतो. त्याच्या वडिलांनी त्याला शिकवले. तुमच्या आईवडिलांनी स्वतः अक्षरओळख नसताना तुम्हाला शिकवले. यात कमी कोणाचे आहे? आडनाव बदलून, गाव लपवून, उसन्या ओळखीवर नोकरी टिकवायला गेले की माणूस तीस वर्षे भीतीत जगतो. आपल्या कार्यालयात आपल्याच माणसाचा जयभीम घेताना इकडे-तिकडे बघणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. कोट अंगावर घाला, तो मनावर चढवू नका.

आता दोन शब्द समाजासाठी. जयंतीला डीजे, कमानी, बॅनर यांवर एका रात्रीत किती पैसा उडतो, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने मांडावा. त्यातल्या थोड्या पैशांत प्रत्येक विहारात एक कपाट उभे राहू शकते. त्यात वेगवेगळ्या मापांचे पाच-सहा चांगले कोट, शर्ट-पँट, बुटांचे काही जोड आणि मुलींसाठी साड्या-ड्रेस ठेवावेत. मुलाखतीचे पत्र दाखवावे, कपडे न्यावेत, धुऊन-इस्त्री करून परत आणावेत, एवढाच नियम असावा. लग्नात एकदा घातलेले सूट आपल्या नोकरदारांच्या घरी कपाटात लोंबकळत पडलेले आहेत, ते या कामी द्यावेत. हे कोणावर उपकार म्हणून नव्हे. बाबासाहेबांच्या पुण्याईने नोकरीला लागलेल्या प्रत्येकावर हे समाजाचे देणे आहे. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, बँक कर्मचारी यांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून मुलांच्या सराव मुलाखती घ्याव्यात. ज्यांची आरक्षित वर्गाचे प्रतिनिधी म्हणून निवड समितीवर नेमणूक होते, त्यांनी चहा-बिस्किटे खाऊन सही करून येऊ नये. ‘योग्य उमेदवार नाही’ असा शेरा मारला जात असेल तर आपला विरोध लेखी नोंदवावा. आणि आपल्या कर्मचारी संघटनांनी मुलाखतीचे गुण, त्यांची कारणे आणि निवडीचा तपशील जाहीर व्हावा म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकावेत, खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी पुन्हा लावून धरावी. मुलाला कोट देणे हे अर्धे काम झाले. त्याला तपासणाऱ्या खोलीचे दार-खिडक्या उघडणे हे उरलेले अर्धे काम आहे.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आमच्या एका सहकाऱ्याने आपल्या लग्नातला कोट त्याला दिला. खांद्यात थोडा सैल होत होता. शेजारच्या शिंप्याने तो तासाभरात बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला, मुलाखत देऊन आला. वडिलांचे काम विचारले तेव्हा ‘ऊसतोड’ असे सांगितले, म्हणाला. निकाल अजून लागलेला नाही. लागेल तो लागो. पण कपड्यापायी दारातून परत फिरायला निघालेला आपला एक मुलगा त्या खोलीत जाऊन ताठ मानेने बसून आला. कपड्यापायी परत फिरणारे असे किती जण तुमच्या वस्तीत आहेत, हे आजच शोधा.

जय भीम!